साफ करा, पुसून टाकू नका

जुन्या वस्तूला नवे रूप दिले की तिचा उद्धार झाला, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस एकतर आळशी ठरतो, नाहीतर म्हातारा. मी आळशी नाही. दुसऱ्या आरोपावर माझ्याकडे उत्तर नाही, सत्तरी केव्हाच ओलांडली. तरी आज बोलणार आहे, आणि तेही अशा वस्तूबद्दल जिच्यावर नागोठण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहावे असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. व्हिडिओ गेमच्या कॅसेटी!

हसलात ना? हसून घ्या. आमच्या घरातली मंडळीही हे वाचणार आहेत आणि त्यातले दोघे-तिघे हसणार नाहीत, रागावणार आहेत, हे मला ठाऊक आहे. कारण वाद घरातलाच आहे. पण तो आमच्या घरापुरता राहिलेला नाही, म्हणून इथे मांडते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. १९८३ साली जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने फॅमिकॉम नावाचे खेळायचे यंत्र काढले. दोन वर्षांनी तेच यंत्र वेगळ्या पेहरावात आणि वेगळ्या नावाने अमेरिकेत गेले. जपानी कॅसेटला साठ पिना, अमेरिकन कॅसेटला बहात्तर, त्यामुळे एकीची दुसरीत बसत नाही. आपल्याकडे १९९० च्या सुमारास जे घराघरात आले ते या दोन्हींतले कोणतेच नव्हते. आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला. कोणाकडे सामुराई, कोणाकडे मीडिया, कोणाकडे नावच नसलेले यंत्र. बाहेरचे जग त्या डबीला कार्ट्रिज म्हणते. आपल्या पोरांनी तिला कधी कार्ट्रिज म्हटले नाही. कॅसेट म्हणजे कॅसेट!

या कॅसेटीही बहुतेक नकलाच. उघडून पाहिली तर आत काळ्या राळेचा एक थेंब दिसतो, त्या थेंबाच्या पोटात चिप आणि चिपेच्या पोटात खेळ. वर लेबल असायचे ‘९९९९९९ इन १’. प्रत्यक्षात आत मारिओ, काँट्रा, टँक, सर्कस, रोड फायटर असे मोजके खेळ, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी हा हिशेब एकदा पाहिला असता तर त्यांनी दुकानदाराला बाकावर उभे केले असते! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हा माल गावोगाव जायचा. आमच्याकडे तो आधी आयपीसीएलच्या वसाहतीतल्या मुलांच्या हातात दिसला आणि वर्ष-दोन वर्षांत बाजारपेठेपर्यंत पोहोचला. खेळून कंटाळा आला की दुकानदार जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे घेऊन दुसरी द्यायचा. म्हणजे एक कॅसेट दहा घरे फिरायची. ज्याच्या घरी ती असेल तो त्या आठवड्याचा आळीतला राजा.

ती मुले आता चाळिशीच्या आसपास आहेत. हाताशी पैसा आहे, मनात बालपण आहे. त्यामुळे या कॅसेटी पुन्हा माळ्यावरून खाली उतरू लागल्या आहेत. इथपर्यंत मला आनंदच आहे. तक्रार पुढची आहे. खाली उतरलेल्या या कॅसेटींवर आता दोन टोळ्या तुटून पडल्या आहेत.

पहिली टोळी चकाचकवाल्यांची. यांना जुनी कॅसेट मिळाली की तिचे स्क्रू खोलतात, पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, लेबल खरवडून काढतात, इंटरनेटवरून चित्र उतरवून नवे गुळगुळीत लेबल छापून लावतात. कवच फारच खराब असेल तर नवे कवच मागवतात. मग आधीचा फोटो, नंतरचा फोटो, शेजारी शेजारी. लोक टाळ्या वाजवतात. प्लास्टिक पांढरे करायची ही कृती २००८ च्या सुमारास जगभर पसरली. गंमत अशी की पांढरे केलेले प्लास्टिक पुढे पुन्हा पिवळे पडल्याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. पण त्याचा फोटो कोण काढतो?

दुसरी टोळी सीलबंदवाल्यांची. ही आपल्याकडे फारशी नाही, पण वारे तिकडून इकडे यायला वेळ लागत नाही. यांना न उघडलेलीच वस्तू हवी. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ या खेळाची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पारदर्शक पेटीत बंद, वर दर्जाचा आकडा छापलेला. तिच्या आतला खेळ चालतो की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण पाहायचे तर सील फोडावे लागेल आणि सील फोडले की पंधरा लाख डॉलर वाऱ्यावर.

वरवर पाहता या दोन टोळ्या एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. एक प्रत्येक वस्तूला हात घालते, दुसरी हातच लावू देत नाही. पण दोघींचे दुखणे एकच आहे. दोघींनाही मुलाचा हात सहन होत नाही. पहिली त्या हाताच्या खुणा पुसते, दुसरीला तो हात मुळात लागलेलाच नको असतो. ज्या वस्तूचा जन्मच मुलांच्या हाताळण्यासाठी झाला तिच्यावर हे प्रेम म्हणायचे का? मला तर हा त्या मुलांचा अपमान वाटतो.

आता चकाचकवाल्यांशी सविस्तर बोलते, कारण माझा नातू त्यांच्यात आहे. गुणी मुलगा आहे, हात कसबी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्याचा लाडका शब्द आहे ‘ओरिजिनल’. “आजी, बघ, कशी ओरिजिनलसारखी करून देतो!” मी मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले, तेव्हा शब्द ऐकला की तो सोलून बघायची खोड आहे. ओरिजिनल म्हणजे मूळची. मूळची म्हणजे कुठली?

तो इंटरनेटवरून जे चित्र उतरवतो ते असते अमेरिकन कॅसेटचे. सुबक छपाई, कंपनीचा शिक्का. ते लेबल आपल्या साठ पिनांच्या कॅसेटवर कधीच नव्हते! तिच्यावर होते ते कुठल्यातरी छापखान्यात घाईने छापलेले, रंग सरकलेले, स्पेलिंग चुकलेले लेबल. कित्येकदा चित्र एका खेळाचे आणि आत खेळ दुसराच. त्यावर दुकानदाराची किमतीची चिठ्ठी. ती काढून अमेरिकन चित्र लावणे म्हणजे मूळपदावर आणणे कसे? आमच्या आळीतल्या आजीला तिचे इरकली लुगडे सोडवून गाऊन नेसवायचा आणि म्हणायचे, बघा, आता कशी मूळची दिसते!

हा विनोद नाही, इथे नुकसान फार मोठे आहे. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या कॅसेटचे एक लेबल फाटले तर काही बिघडत नाही. तशा लाखो निघाल्या, कंपनीचे दप्तर आहे, याद्या आहेत, पुस्तके आहेत. आपल्याकडच्या नकली कॅसेटीचे दप्तर कोण ठेवणार? ज्याने ती बनवली त्याला तर दप्तर नसणेच सोयीचे होते. कोणत्या ग्रंथालयाने ती दाखल करून घेतली? कोणत्या संग्रहालयाच्या कपाटात ती आहे? १९९० नंतरच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातली लहान गावातली मुले दुपारी काय करत होती, याचा पुरावा म्हणून जे काही उरले आहे त्यातला मोठा भाग या डबीवरचे ते चुकीच्या स्पेलिंगचे लेबल आहे. तेच एक कागदपत्र, आणि तेच पहिल्यांदा खरवडले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी कागदाच्या कोपऱ्यावरचा शाईचा डाग सापडला तर तो नाचतो. आणि इथे आपण सबंध कागदच धुऊन काढतो आहोत, वर टाळ्याही मिळवतो आहोत.

आमच्या घरात एका पत्र्याच्या ट्रंकेत अकरा कॅसेटी आहेत. माझ्या मुलाच्या आणि आळीतल्या इतर मुलांच्या, फिरता फिरता आमच्याकडे राहिलेल्या. एकीच्या पाठीवर बॉलपेनने तीन मुलांची नावे आहेत, पहिली दोन खोडलेली, म्हणजे मालकी कशी बदलत गेली ते कळते. त्या तिघांतला एक आज या जगात नाही. दुसऱ्या एकीवर चिकटपट्टीचा तुकडा आहे, आणि त्यावर ह्यांच्या अक्षरात, लाल शाईत, एकच शब्द: ‘परीक्षेनंतर’. हेही शिक्षकच होते. मार्च आला की कॅसेट अशी मोहोरबंद होऊन कपाटात जायची. ह्यांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. ह्यांच्या अक्षराचे कागद घरात पुष्कळ आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत, निकालपत्रकांच्या नकला आहेत. पण बापाने मुलाशी घातलेला वाद एकाच ठिकाणी लिहिलेला आहे, त्या चिकटपट्टीवर.

नातवाच्या यादीत हा तुकडा ‘रेसिड्यू’ म्हणून आला. म्हणजे काढायची घाण. त्याला दोष देत नाही, तो आजोबांच्या मांडीवर फार दिवस बसलाच नाही. पण यावरून एक गोष्ट कळावी. घाण कोणती आणि खूण कोणती, हे वस्तूकडे बघून ठरत नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचारून ठरते. आणि विचारायला माणूस शिल्लक नसेल तर हात आखडता घ्यावा, एवढा विवेक हवा.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकू. ते पोकळ नाही. “म्हणजे काय, सगळे तसेच सडू द्यायचे? धूळ, बुरशी, गंज, हे सगळे पवित्र?” मुळीच नाही! नागोठण्यात राहणाऱ्या बाईला बुरशीचे कौतुक असेल असे कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा जुलै महिन्यात इथे राहून जावे. आमच्याकडे पावसाळ्यात चपला हिरव्या होतात, पुस्तके फुगतात, लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होते. कोकणात वस्तू नुसती ‘ठेवली’ तर ती राहत नाही. माळ्यावर टाकून विसरणे म्हणजे जतन नव्हे. जुनेपण जपायला नवेपण आणण्यापेक्षा जास्त मेहनत लागते, कारण नवे रूप एकदा दिले की झाले, जुने रूप मात्र रोज सांभाळावे लागते.

मग रेघ कुठे ओढायची? मला आमच्या नदीने ती शिकवली. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली ते सगळ्यांना आठवते. त्याच पावसात आमची अंबा नदीही गावात शिरली होती. त्याआधी २४ जुलै १९८९ ला याच अंबेने वर जांभूळपाड्यात केलेला कहर या भागातला कोणी विसरलेला नाही. २००५ च्या पाण्यात आमची ती ट्रंक भिजली. कॅसेटींत गाळ गेला, लेबलांवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, तो काढायलाच हवा होता, कारण गाळ ओल धरून ठेवतो आणि ओल पिना खाते. लेबलावरची रेघ मात्र राहिली. ती कोणालाच खात नव्हती. ती नुसती सांगत होती की पाणी इथपर्यंत आले होते.

तर माझा नियम असा: जे अजून खाते आहे ते काढा, जे खाऊन थांबले आहे ते राहू द्या. गंज खातो, तो काढा. बुरशी खाते, ती काढा. गळणारी बॅटरी खाते, ती काढा. उडालेला रंग, पिवळे प्लास्टिक, कडेला पडलेला चरा, बॉलपेनचे नाव, पाण्याची रेघ यांचे खाऊन झाले आहे. आता ते फक्त साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला कोर्टाबाहेर काढणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका येते.

हा नियम भोंगळ नाही, त्याने रोजची कामे ठरवता येतात. पिना काळ्या पडून खेळ लागत नाही? कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. आमची मुले फुंकर मारायची, तिचा उपयोग नव्हता, उलट तोंडातली वाफ पिनांना लागायची. निन्टेंडोनेच फुंकू नका असे बजावले आहे. खोडरबराने घासू नका, वरचा पातळ मुलामा जातो. लेबलाची कड सुटली? पातळ खळ लावा, आपली पिठाची. जगभर जुने कागद दुरुस्त करणारे जाणकार गव्हाच्या सत्त्वाची खळच वापरतात, कारण उद्या कोणाला ती सोडवायची झाली तर पाण्याने सुटते. लेबल पूर्णच गेले असेल तर? तर ती जागा कोरी ठेवा. काय असेल याचा अंदाज बांधून चित्र चिकटवू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली तिनेही हेच सांगितले आहे, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. राजवाड्याला लागू असलेला नियम डबीला लागू व्हायला हरकत काय?

दुरुस्ती चांगली कशी करावी याचे उदाहरणही घरातलेच देते, म्हणजे नातेवाइकांत समतोल राहील. अमेरिकेत वाढलेल्या माझ्या पुतण्याकडे ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या खेळाची सोनेरी कॅसेट आहे. १९८७ ची. तिच्यात अर्धवट राहिलेला खेळ जपण्यासाठी आत एक चपटी बॅटरी असते, आणि तीन खेळाडूंना आपापली नावे घालून ठेवता येतात. बॅटरी काढली की ती नावे आणि त्यांचे खेळ गेले. पुतण्याच्या कॅसेटमध्ये त्याचे, त्याच्या बहिणीचे आणि माझ्या दिरांचे, अशी तीन नावे होती. माझे दीर ऑफिसातून येऊन तो खेळ खेळायचे हे आम्हाला इथे पहिल्यांदाच कळले! बॅटरी म्हातारी झाली होती, बदलायलाच हवी होती. पुतण्याने घाई केली नाही. एका छोट्या उपकरणाने आधी ती तिन्ही नावे, तिन्ही खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, मग बॅटरी बदलली, मग ते सगळे होते तसे परत आत भरले. बाहेरून कॅसेटला एक चराही नवा नाही, एक चरा कमीही नाही. याला मी दुरुस्ती म्हणते.

आणखी एक आक्षेप येतो: “आजी, पण मला ती खेळायची आहे, देव्हाऱ्यात ठेवायची नाही.” बाळा, देव्हाऱ्याचाच दाखला घे ना. आपल्याकडे मूळ मूर्ती झिजू नये म्हणून अभिषेकाला, पालखीला उत्सवमूर्ती असते. भक्तीत काही कमी पडत नाही, मूर्तीही टिकते. तू खेळ नव्या कॅसेटवर खेळ, कॉम्प्युटरवर खेळ, हवी तेवढी बटणे मोड. जुन्या कॅसेटमधला खेळ एकदा नीट उतरवून ठेव, म्हणजे ती उद्या बंद पडली तरी आतला खेळ मरणार नाही. प्रती करून ठेवण्याची किंमत काय असते ते आपण पाहिले आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसारख्या कंपन्यांच्या चित्रपटांची मूळ रिळे राख झाली. ज्यांच्या प्रती आधी निघाल्या होत्या ते चित्रपट आज बघता तरी येतात. तेव्हा प्रत जरूर काढा. पण प्रत काढली म्हणून मूळ वस्तू खरवडायचा परवाना मिळत नाही.

तिसरा आक्षेप मालकीचा. “माझी वस्तू, मी काहीही करीन.” कायद्याने बरोबर. पण मग एक करा, विकताना किंवा दाखवताना सांगा की लेबल माझे, कवच माझे, आत जो काळा थेंब आहे तेवढा जुना. नवे लेबल लावून ‘जुनी कॅसेट’ म्हणून विकणे याला साध्या मराठीत फसवणूक म्हणतात. आणि जो विकत नाही, नुसता कपाटात मांडतो, तो निदान आपल्या मुलांना तरी फसवतो.

चौथा आक्षेप सगळ्यात मोठा, आणि तो मला माझ्या वयाच्या मंडळींकडून ऐकावा लागतो. “अहो बाई, त्या काय ताम्रपट आहेत? प्लास्टिकची खेळणी! एवढी काय काळजी?” त्यांना माझे सांगणे आहे की ताम्रपटांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. आमच्या गावाजवळ अंबेवर जुना दगडी पूल आहे, चौलच्या काझी अलाउद्दीनने सोळाव्या शतकात बांधला अशी त्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. काझीचे नाव नोंदले गेले, कारण त्याने पूल बांधला. ज्यांच्या पायांनी त्या पुलाचे दगड झिजले त्यांचे नाव कुठेच नाही. ती झीज हीच त्यांची नोंद. साध्या माणसांना इतिहासात यायला एवढा एकच दरवाजा असतो, झिजलेला उंबरठा, काळवंडलेला पाटा, बोटांनी गुळगुळीत झालेला जात्याचा खुंटा. आणि आमच्या मुलांच्या बाबतीत, कडा उडालेली कॅसेट. तो दरवाजाही आपण पॉलिश मारून बंद करणार?

आणि हे कॅसेटींपुरते आहे असे समजू नका. या वेडाची शाळा आपल्या देवळांत भरते. कोकणात गावोगाव बघा. जुना कौलारू, लाकडी खांबांचा सभामंडप पाडला, स्लॅब टाकला, गाभाऱ्याला बाथरूमच्या फरशा बसवल्या, दगडी दीपमाळेला ऑइलपेंट फासला, आणि बाहेर संगमरवरी पाटी लावली: ‘जीर्णोद्धार’. शब्दाचा अर्थ तरी बघा! जीर्णाचा उद्धार. जीर्णाचा निकाल असा त्याचा अर्थ कोणत्या कोशात दिला आहे? ज्या घरात पोरगे हे बघत मोठे होते त्या घरात त्याच्या हातात जुनी कॅसेट आली तर तो दुसरे काय करणार? आपण देवळात जे केले तेच तो डबीवर करतो आहे. तेव्हा नातवावर रागावताना माझ्या पिढीनेही आरशात बघावे. पाट्यांवर नावे कोणाची आहेत? आमच्याच वयाच्या विश्वस्तांची.

वर हाच समाज शहरातल्या दुकानांत जाऊन मुद्दाम रंग खरवडलेले, मुद्दाम भोके पाडलेले ‘अँटिक लूक’चे टेबल दुप्पट पैसे देऊन घरी आणतो. खरी झीज पुसायची आणि खोटी झीज विकत आणायची! याला काय म्हणावे ते मला पन्नास वर्षे मराठी वाचून-शिकवूनही सुचत नाही.

असो. नुसती टीका करून थांबणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांना चार कामे सांगते. एक, हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, चिकटपट्ट्या आणि बॉलपेनसकट. दोन, ज्याची ती होती त्याला किंवा त्याच्या घरच्यांना फोन करा आणि विचारा, ही रेघ कसली, हे नाव कोणाचे. चाळिशीतला माणूस या प्रश्नावर अर्धा तास बोलतो, करून बघा. तीन, जे खाते आहे तेवढेच काढा. चार, जे केले ते तारखेसह एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी कॅसेटबरोबर पिशवीत ठेवा. कोरड्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. एवढे केलेत तर तुमच्याकडे आहे ते संग्रहालय झाले. त्याला काचेचे कपाट लागत नाही.

आमच्या ट्रंकेतल्या अकरा कॅसेटींबद्दल घरच्यांना शेवटचे सांगते. पिना पुसा, माझी ना नाही. खेळ उतरवून घ्या, ते तर कराच, आणि कसे करतात ते मलाही दाखवा. पण ज्या कॅसेटीवर लाल शाईतला शब्द आहे ती तशीच राहील. माझ्यानंतर ती कोणाकडे जाईल ते तुम्ही ठरवा, फक्त ज्याच्याकडे जाईल त्याला तो शब्द वाचता आला पाहिजे आणि तो कोणी, कोणासाठी लिहिला हे सांगता आले पाहिजे.